क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ बसवताना

प्रश्न : गॅदरिंगसाठी आम्ही क्रॅनबेरीज या आयरिश रॉक बँडचं ‘झॉम्बी’ बसवतोय. कॉर्ड चारच, तरी कोरस अंगावर येत नाही आणि गायिकेचा घसा दुखतो. काय चुकतंय?

उत्तर : ई मायनर, सी, जी आणि एफ शार्प बेसचा डी. बहुतेक जण शेवटी साधा डी धरतात आणि तिथेच गाण्याचा कणा मोडतो. बेस जी, एफ शार्प, ई असा पायरीपायरीने उतरला पाहिजे. त्यासाठी सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट मधल्या बोटाने, तिसऱ्या तारेचा दुसरा तर्जनीने, दुसऱ्या तारेचा तिसरा अनामिकेने दाबा. चौथी मोकळी ठेवा, पाचवी मधल्या बोटाच्याच कडेने बंद करा, पहिली छेडू नका.

अंतऱ्यात गिटार अगदी स्वच्छ हवी. तिथेच जोर लावलात तर कोरसला वाढवायला काही उरत नाही. दोन्ही गिटारींचा गेन (आवाज फाटका, भरदार करणारं बटण) पूर्ण उघडला की बेस त्यात बुडतो, म्हणून एकीचा कमी करा. लय मिनिटाला साधारण 84 ठोके. स्टेजवर ती पळते आणि गाण्याचं वजन जातं, त्यामुळे ड्रमरच्या कानात क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) द्याच.

आता घसा. मूळ गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन छातीच्या आवाजातून वरच्या, हलक्या आवाजात उडी घेताना मधला सांधा झाकत नाही, आवाज मुद्दाम तुटू देते. तुमची गायिका बहुधा तीच जागा छातीच्या जोरावर ओढतेय. हळू आवाजात खालून वर ‘ओ’ सरकवायचा, तुटेल तिथे तुटू द्यायचा. दुखलं की थांबायचं. तरी उंच पडलं, तर कॉर्ड न बदलता सगळ्या तारा दोन सेमीटोन (म्हणजे दोन फ्रेटइतक्या) उतरवा, म्हणजे मोकळ्या तारांचा नाद टिकतो.

आणि हे जल्लोषाचं गाणं नव्हे. 20 मार्च 1993 रोजी इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटांत 3 आणि 12 वर्षांची दोन मुलं गेली. त्या संतापातून डोलोरेसने ते लिहिलं. गायिकेला हे ठाऊक असायलाच हवं.

प्रश्न : हा बँड पुढे आला कसा? आता आहे का?

उत्तर : आयर्लंडमधल्या लिमरिकचा बँड, 1989चा. नोएल आणि माइक होगन हे भाऊ, ड्रमवर फर्गल लॉलर. डोलोरेस 1990मध्ये आली. ‘लिंगर’ आधी अमेरिकेत गाजलं, मग ब्रिटनने दखल घेतली आणि 1993चा पहिला अल्बम तिथे 1994मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. 15 जानेवारी 2018 रोजी डोलोरेस वारली. तिने डेमोसाठी गायलेला आवाज तसाच ठेवून तिघांनी 2019मध्ये ‘इन द एंड’ पूर्ण केला, निर्माता पहिल्या अल्बमचाच, स्टीफन स्ट्रीट. तोच शेवटचा अल्बम.