वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया

प्रश्न : वय ५२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन प्रकारच्या गोळ्या आणि रात्री २४ युनिट इन्सुलिन चालू आहे. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ८.९. ऑपरेशन केलं की मधुमेह कायमचा जातो, हे खरं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कायमचा जातो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. औषधं बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं, तर त्याला डॉक्टर रेमिशन म्हणतात. वजन परत वाढलं, तर शुगरही परत येऊ शकते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टँपीड’ अभ्यासात पाच वर्षांनंतर एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपास (जठराचा बराचसा भाग टाळून अन्न थेट आतड्यात नेणारं ऑपरेशन) गटात २९ टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणारं ऑपरेशन) गटात २३ टक्के आणि फक्त औषधांवरच्या गटात ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी जास्त, तितकी रेमिशनची शक्यता कमी. म्हणून आधी सी-पेप्टाइडची तपासणी करून घ्या. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवण्याची ताकद किती उरली आहे, याचा अंदाज त्यातून येतो. रेमिशन आलं नाही, तरी इन्सुलिन बरंच कमी होणं किंवा सुटणं हाही मोठा फायदा आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४.४ येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांसाठी २७.५ पासून पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. विम्याचं गणित मात्र वेगळं आहे. आपल्याकडच्या आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींमध्ये बीएमआय किमान ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत काबूत नसलेल्या टाइप-२ मधुमेहासारखा गंभीर आजार. म्हणजे तुमचा दावा नाकारला जाऊ शकतो. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विमा कंपनीकडून लेखी मंजुरी मिळवा. आणि बीएमआय ३५ गाठण्यासाठी मुद्दाम वजन वाढवू नका. त्यात यकृतावरची चरबी वाढते आणि ऑपरेशनच अवघड होतं.

प्रश्न : मिस्टरांचं बायपास ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं आहे. आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार सांगितलाय. मधुमेहाच्या गोळ्या नेहमीसारख्याच द्यायच्या का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यकृताचा डावा भाग जठरावर येतो आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तो उचलून धरावा लागतो. आहार कमी केला की यकृतातली चरबी घटते आणि ते लहान होतं. पण जेवण एकदम ८०० ते १२०० कॅलरींवर आलं आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड (इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) पूर्वीच्याच डोसमध्ये चालू राहिलं, तर शुगर घसरते. आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडून नवे डोस लिहून घ्या. या गोळ्या बहुतेकदा निम्म्या किंवा बंद होतात, इन्सुलिनही उतरवावं लागतं. या काळात शुगर दिवसातून चार वेळा तपासा : उपाशीपोटी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी, आणि झोपताना.

दुसरी काळजी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची. त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद व्हायला हव्यात. आहार अगदी कमी असेल तर डॉक्टर त्याही आधी थांबवतात. कारण उपाशी शरीरात या गोळ्यांमुळे रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा शुगर १५०-२०० एवढीच दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं ऑपरेशनचीच म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी रक्तातले कीटोन तपासा, असं स्पष्टपणे सांगा. आपल्याकडे यांतलं एखादं औषध मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनसोबत एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे गोळीच्या नावावर न जाता स्ट्रिपवरचे घटक वाचा.

सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल, तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं. डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घ्या. शुगर झपाट्याने उतरली की आधीचा रेटिनाचा त्रास काही जणांत वाढतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. ऑपरेशननंतर आईला वरणाचं पाणी, पेज, शहाळं देतोय. पुरेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिले काही दिवस पातळ पदार्थ ठीक आहेत, एका वेळी ३० मिली, घोट घोट. पण वरणाच्या पाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि पेज-शहाळ्याने शुगर वाढते. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तितकीच. एवढ्याशा जठरात हे सगळं मावत नाही, म्हणून सुरुवातीला बिनसाखरेची प्रोटीन पावडर लागतेच. प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात आणि केस गळतात.

कॅल्शियम सायट्रेटमधून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, विभागून. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह शोषलं जात नाही. बी-१२ तर मेटफॉर्मिननेही घटतं, आणि शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असतं. बी-१२ चं औषध कधीच सोडू नका. उलट्या थांबत नसतील तर वाट न पाहता रुग्णालयात न्या आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायला सांगा. थायमिन संपलं की मेंदूला इजा होते आणि नुसत्या ग्लुकोजने ती वाढते.

प्रश्न : बायपासला सव्वा वर्ष झालं, सगळ्या गोळ्या बंद आहेत. तरी जेवणानंतर दोन तासांनी घाम, धडधड, थरथर होते. असं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भात, आंब्याचा रस, साखरेचा चहा बायपासनंतर थेट आतड्यात उतरतात. शुगर उसळते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि मग शुगर घसरते. त्रास होत असतानाच ग्लुकोमीटरवर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि शुगर वर आली की मूठभर शेंगदाणे किंवा पनीर खा, नाहीतर ती परत घसरते. ताटात आधी उसळ, अंडं किंवा मासे, भात शेवटी आणि थोडा. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर अकार्बोज (पिष्टमय पदार्थांचं पचन मंदावणारी गोळी) देऊ शकतात. असा त्रास होतोय तोवर गाडी चालवू नका.

गोळ्या बंद झाल्या तरी दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची तपासणी चालूच ठेवा. एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) हेही बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.