बोकड त्याच्या वजनावर घेऊ नका, त्याची करडं तोला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : परदेशात मांसासाठी शारोले, अँगस, लिमोझिन अशा जातींच्या वळूंची तुलना करून निवड करतात. नाशिककडे उस्मानाबादी शेळ्यांसाठी बोकड तसा निवडता येईल का? आणि बोअर, सिरोही, बीटल या शेळीच्या जातींतला कोणता घ्यावा?

येईल. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे ते गणित शेळीवर बसवावं लागतं. पण पद्धत तीच. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या क्ले सेंटरच्या सरकारी केंद्रात १९७० च्या आसपास हेच केलं : गायी त्याच हेरफर्ड आणि अँगस, वळू तेवढे वेगवेगळ्या जातींचे. वासरं एकाच चाऱ्यावर वाढवली आणि शेवटी सोलून मांस, चरबी, हाडं वेगळी तोलली. शारोलेची वासरं वजनाला भारी, पण गायी वेताला अडायच्या. लिमोझिनला मांस जास्त, चरबी कमी. अँगसच्या मांसात चरबीची जाळी छान धरते. एकच जात सगळ्यात पुढे, असं झालंच नाही.

माझा गोठा सिन्नरच्या पूर्वेला, पाण्याची ओरड असलेल्या भागात. शेळ्या उस्मानाबादी आणि थोड्या संगमनेरी वळणाच्या. पहिला बोकड मी बाजारात भाव-ताव करून घेतला, अंगाने हत्ती. घरी आणल्यावर दोन दिवसांत पोट खाली आलं. विकणाऱ्याने मीठ चारून पाणी पाजलं होतं. तेव्हापासून मोठ्या बोकडाचं मला कौतुक नाही.

आता निंबाच्या फांदीला ताणकाटा टांगलाय. करडू गोणपाटाच्या झोळीत घालायचं, पाय हलायचे थांबले की आकडा वाचायचा. जन्मल्यावर, तीन महिन्यांनी दूध तोडताना आणि सहा महिन्यांनी. वहीत आईचा नंबर, बापाचा नंबर, एकटं की जुळं. हे शेवटचं विसरलात तर सगळं फसतं, कारण एकटं करडू बापामुळे नाही, दुधामुळे फुगतं. आणि एका बोकडाची करडं पावसाळ्यातली, दुसऱ्याची उन्हाळ्यातली, अशी तुलना करू नका. ती बोकडांची नाही, चाऱ्याची होते.

बोअरचं म्हणाल तर मांडी आणि पाठ भरते ती खरंच. फलटणच्या निंबकर संस्थेने १९९० च्या दशकात ही जात आपल्याकडे आणली. पण तिला खुराक लागतो. नुसत्या चराईवर बोअरचा संकर आपल्या उस्मानाबादीपुढे फार काही दाखवत नाही, हे मी दोन उन्हाळे पाहिलंय. शिवाय पहिलटकर लहान पाटीला, म्हणजे तरुण शेळीला, बोअर लावू नका, करडाचं डोकं मोठं असतं. माझी एक पाट रात्री अडली. करडू गेलं, पाट कशीबशी वाचली.

सिरोही काटक, उन्हाला टिकते, पण अंग लांबोडं. बीटल उंच, कान लोंबते, दूधही बरं. बकरी ईदला मालेगावकडे माल न्यायचा असेल तर उंची, रंग, रुबाब यांचे पैसे येतात, सोललेलं वजन तिथे कोणी विचारत नाही. खाटकाला वर्षभर द्यायचं असेल तर उलटं. जिवंत वजनातून मांस किती उतरलं, हे एकदा त्याच्याच दुकानात आकड्याला टांगलेलं पाहून या. ओळखीचा असेल तर तो काटा दाखवतो. साधारण निम्म्याच्या आत-बाहेर उतारा पडतो, आणि त्यात जातीइतकाच फरक पोटातल्या चाऱ्या-पाण्याचा असतो.

उस्मानाबादीची जुळी मात्र विसरू नका. शेळीमागे वर्षाला विक्रीला किती किलो निघालं, हा आकडा काढलात तर पुष्कळदा देशी बोकडच वर येतो. माझ्या वहीत तरी चराईच्या कळपात तसंच आहे. म्हणून बोअर मी फक्त बंदिस्त गोठ्यातल्या थोराड शेळ्यांना लावतो. त्या संकराच्या पाटी ठेवतो, बोकड मात्र सगळे विकतो, कितीही देखणे निघाले तरी पैदाशीला नाही, कारण पुढच्या पिढीत करडं एकसारखी निघत नाहीत.

तुम्ही चराईवर आहात की बंदिस्त, आणि माल कुठे देता, ते लिहा. मग बोकडाचं नाव सांगतो.