दहा रकाने आणि एक खोडलेली ओळ

ताई, तुमचा प्रश्न माझ्या बहिणीने पाठवला. पुढच्या जूनमध्ये तुम्ही साताऱ्याहून न्यू जर्सीला येताय, मुलगा दहावीत आहे, बीजीएमआयच्या, म्हणजे मोबाइलवरच्या पबजीच्या भारतीय आवृत्तीच्या, स्पर्धा खेळतो, आणि पुढे कॉलेजच्या अर्जात हे लिहायचं की झाकायचं. व्हिसा, विमा, घरभाडं यावर मी काही सांगत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे. पण तुमचा हा प्रश्न वाचून माझी झोप उडाली.

लिहा. झाकू नका.

कॉमन ॲपच्या, म्हणजे इथल्या बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जात, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दहा रकाने असतात. वर्णनाला फक्त १५० अक्षरं, वर आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे ते वेगळं. नववीपासूनचं धरतात, म्हणजे साताऱ्यातली त्याची दोन वर्षंही त्यात बसतात. नुसतं 'गेमिंग, रोज चार तास' असं लिहिलं तर वाचणारा पुढे जाईल. तो संघात काय करतो ते येऊ दे: आयजीएल (खेळताना संघाला हुकूम देणारा) कोण, स्क्रिम्स (दुसऱ्या संघांशी सरावाचे सामने) कोण ठरवतं, हरल्यावर रेकॉर्डिंग बघून चुका कोण काढतं. लोळत खेळलेले तास मोजू नका. स्पर्धांची प्रमाणपत्रं, निकालाचे स्क्रीनशॉट निघण्याआधीच गोळा करा, नंतर तिकडे कोणी फोन उचलत नाही. शिष्यवृत्तीची आशा मात्र धरू नका. शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये गेमिंगची शिष्यवृत्ती सुरू केली ती लीग ऑफ लेजंड्स या पीसीवरच्या गेमसाठी. इथल्या कॉलेजांचे संघ बहुतेक पीसीवरचे, मोबाइलवरचं फार कमी.

आता गणिताचं, कारण ते मला अजून सलतं. आम्ही २०१९ च्या जूनमध्ये सांगलीच्या विश्रामबागहून आलो. पोरगं इंग्रजी माध्यमातलं, गणितात पैकीच्या पैकी. इथल्या शाळेने गुणपत्रिकेकडे बघितलंसुद्धा नाही. आधी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं, मग गणिताच्या खालच्या वर्गात. आठवीत आल्जेब्रा झाला नाही की पुढची सगळी साखळी वर्षभर मागे सरकते आणि बारावीपर्यंत कॅल्क्युलस येत नाही. हे मला अकरावीत कळलं! पहिल्याच आठवड्यात 'परीक्षा घ्या, मग वर्ग ठरवा' म्हणून हटून बसा. मी आपला 'यस मॅडम' म्हणत दाखल्याच्या झेरॉक्स देत राहिलो. दाखल्यावर आडनाव आधी, म्हणून तीन महिने पोराला आडनावानेच हाक मारत होते.

त्या वर्षी त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. शनिवारी रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीत रविवारी सकाळी सातला, तो हेडफोन लावून जुन्या वर्गमित्रांबरोबर पबजी खेळायचा. पिंग, म्हणजे नेटचा उशीर, दोनशेच्या वर, त्यामुळे हाच सगळ्यांच्या आधी मरायचा. मग दुसऱ्यांचं बघत गप्पा मारत बसायचा. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा कोणाच्या घरात कुठवर आलंय ते मला बातम्यांआधी त्याच्याकडून कळलं. आणि मी? वायफाय बंद करायचो. 'इथे काय गेम खेळायला आलोय का आपण?' २०२० च्या सप्टेंबरमध्ये भारतात पबजीवर बंदी आली आणि ते माझ्या मदतीशिवाय थांबलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षी बीजीएमआय आलं ते भारतापुरतंच.

नंतर तो शाळेच्या रॉकेट लीग (गाड्यांनी फुटबॉल खेळायची व्हिडिओ गेम) संघात गेला, अकरावीत कप्तान झाला. बारावीत अर्ज भरताना त्याने ते पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. तिथे महाराष्ट्र मंडळाचं ढोलपथक घातलं, ज्याचा सराव गणपतीआधी दोन आठवडे असतो आणि ज्यात तो ताशावाल्याच्या मागे उभा असायचा. त्याच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, कप्तानपद कोणी गाळतं का? मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला खेळ म्हणत नाहीत. त्याच सुमारास हांगझोऊच्या आशियाई खेळांत अशाच गेमिंगला पदकं दिली जात होती, हे मला मागाहून समजलं. पोरगं काही बोललं नाही. 'तुम्ही म्हणाल तसं, बाबा.'

प्रवेश मिळाला, राज्याच्याच विद्यापीठात, चांगला आहे. त्या ओळीने काही बदललं असतं का, देव जाणे. एकटेपणाचं लोक फार बोलतात. मोठ्यांचं जातं हो, कामात, डब्यात, भडंगाच्या पाकिटात जातं.

तो सुट्टीत घरी आला की शनिवारी रात्री अजून दार लोटून बसतो. आतून मराठी ऐकू येतं, सांगलीचं, शिव्यांसकट. मी दाराशी थांबतो, विचारत नाही.