वाचकांचे प्रश्न : बांधणी इथे, प्रोसेसर दुसरा

प्रश्न : एक्स८६ लिनक्सवर ६४-बिट आणि ३२-बिट एआरएम बोर्डांसाठी आधी झेडलिब (डेटा आकसवणारी लायब्ररी) आणि मग तिच्यावर अवलंबून असलेली लिबपीएनजी (पीएनजी चित्रांची लायब्ररी) कंपाइल करतो आहे. सगळं एकाच प्रीफिक्समध्ये, म्हणजे एकाच फोल्डरखाली, इन्स्टॉल होतं. झेडलिबची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीची तयारी करणारी) ‘होस्ट’ हा, प्रोग्राम कुठल्या प्रोसेसरवर चालणार ते सांगणारा, पर्याय घेत नाही, म्हणून कंपायलर हाताने दिला. आता ६४-बिट लिबपीएनजीच्या वेळी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘स्किपिंग इनकंपॅटिबल’ म्हणत झेडलिब नाकारतो.

उत्तर : नंतर इन्स्टॉल झालेल्या ३२-बिट झेडलिबने ६४-बिटवाली पुसून टाकली आहे, दोघींची फाइलनावं सारखीच असतात. प्रत्येक प्रोसेसरला वेगळा प्रीफिक्स द्या. त्यातला इन्क्लूड फोल्डर लिबपीएनजीला ‘सीपीपीफ्लॅग्ज’मधून आणि लिब फोल्डर ‘एलडीफ्लॅग्ज’मधून कळवा. बांधणीचे फोल्डरही वेगळे हवेत. त्याच जागी पुन्हा कॉन्फिगर केलं, तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) ‘मेक’ या बांधणी करणाऱ्या कमांडला ताज्या वाटू शकतात आणि तो त्यांना हातच लावत नाही. सोर्स फोल्डरमध्ये आधी कॉन्फिगर झालं असेल, तर तिथे एकदा ‘मेक डिस्टक्लीन’ करा. नाहीतर बाहेरची बांधणी सुरूच होणार नाही.

झेडलिबची स्क्रिप्ट दिसते ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या स्क्रिप्टसारखी, पण आहे हाताने लिहिलेली. तिला ‘सीहोस्ट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतो : कंपायलरच्या नावातला ‘-जीसीसी’च्या आधीचा भाग. लिबपीएनजीत तोच भाग ‘होस्ट’ला द्या. ‘टार्गेट’च्या वाटेला जाऊ नका, तो कंपायलर, लिंकर अशी साधनं बांधणाऱ्यांसाठी आहे.

खात्री करायला ‘फाइल’ कमांड पुरत नाही. स्टॅटिक लायब्ररी दिसली की ती नुसतं ‘आर्काइव्ह’ म्हणून मोकळी होते. ‘रीडेल्फ’ चालवून हेडरमधली ‘मशीन’ ही ओळ वाचा. ६४-बिट बोर्डासाठी तिथे ‘एआर्च६४’ हवं.

प्रश्न : एका जुन्या लायब्ररीत सगळं कंपाइल होतं, पण लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक’ येतं. सोर्समध्ये हे नाव कुठेच नाही!

उत्तर : ते कॉन्फिगर स्क्रिप्टने घुसवलं आहे. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) काय परत करतो, हे पाहायला ती एक छोटा प्रोग्राम चालवते. परक्या प्रोसेसरचा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालत नाही, म्हणून जुनी ऑटोकॉन्फ वाईटच धरून चालते आणि मॅलॉकच्या जागी पर्यायी नाव बसवते. तो पर्याय लायब्ररीत लिहिलेलाच नसतो. कॉन्फिगरआधी ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल’ला ‘येस’ द्या (हे नाव अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत). ग्लिबसीवर (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) हे उत्तर खरंच आहे. कॉन्फिगर स्क्रिप्टमध्येच ‘क्रॉस_कंपाइलिंग’ शोधा. असे आणखी अंदाज सापडतील. त्यांना सरसकट ‘येस’ देऊ नका.

प्रश्न : बोर्डावर ‘ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड’ येतं. नवी ग्लिबसी बोर्डावर टाकू का?

उत्तर : नको. ग्लिबसी आणि तिचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडून देणारा) यांची जोडी मोडली, तर बोर्डावर ‘एलएस’सुद्धा चालणार नाही. जुन्या ग्लिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. बोर्डावरची लिब आणि इन्क्लूड फोल्डरं उतरवून घ्या, कंपायलरला तोच ‘सिसरूट’ (लायब्ररी आणि हेडर शोधण्याचा मूळ फोल्डर) म्हणून द्या आणि पुन्हा बांधा.