घरात कोण विचारते आणि कोण सांगते?

प्रश्न १ : मी ३९ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझे यजमान खासगी कंपनीत आहेत आणि गेली सहा वर्षे माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त आहे. ते स्वभावाने शांत आहेत, कसले व्यसन नाही, हात उगारणे दूरच, आवाजही चढवत नाहीत. माझे एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात असते. बँकेचे सगळे तेच पाहतात आणि मला त्याची कधी अडचण वाटली नाही. मागच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला २० हजार रुपये द्यायचे होते. हा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव मी तीन दिवस करत होते. एसटीत बसल्या बसल्या वाक्ये मनात घोळवत होते. शेवटी विचारले, तेव्हा ते सहज म्हणाले, “अगं, त्यात विचारायचं काय? देऊन टाक.” मला बरे वाटायला हवे होते, पण त्या रात्री झोप लागली नाही. त्याआधी पंधराच दिवस त्यांनी धाकट्या भावजींना ट्रॅक्टरसाठी दीड लाख रुपये दिले होते आणि मला ते जेवताना सांगितले होते. मैत्रिणी म्हणतात, “तुझ्या घरात तर तुझंच चालतं.” समाजशास्त्रात अशा गोष्टींचा अभ्यास होतो का, की मीच उगाच मनाला लावून घेते आहे?

उत्तर : तुम्ही उगाच मनाला लावून घेतलेले नाही. तुमच्या पत्रात दोन क्रियापदे आली आहेत आणि बरेचसे उत्तर त्यांच्यातच आहे. आईच्या डोळ्यांसाठी तुम्ही विचारले. भावजींच्या ट्रॅक्टरसाठी यजमानांनी सांगितले. त्यांची रक्कम तुमच्या साडेसातपट होती, पगार तुमचा जास्त होता, तरीही विचारण्याची पाळी तुमच्यावर आली. परवानगी सहज मिळाली म्हणून ती परवानगी नव्हती असे होत नाही, आणि तुमची झोप उडाली ती नेमकी यामुळेच, असे मला वाटते.

पती-पत्नींमधील सत्तेचा अभ्यास समाजशास्त्रात साठ-सत्तर वर्षांपासून चालू आहे. रॉबर्ट ब्लड आणि डोनाल्ड वुल्फ या अमेरिकी अभ्यासकांनी डेट्रॉइट परिसरातील विवाहित स्त्रियांना आठ निर्णयांविषयी विचारले होते : पतीने कोणती नोकरी धरावी, मोटार कोणती घ्यावी, आयुर्विमा उतरवावा का, सुटीत कुठे जावे, घर कोणते घ्यावे, पत्नीने नोकरी करावी की सोडावी, डॉक्टर कोणता पाहावा आणि आठवड्याला खाण्यापिण्यावर किती खर्च करावा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की उत्पन्न, शिक्षण आणि समाजातील स्थान ही साधने ज्याच्याकडे जास्त, त्याचा शब्द घरात जास्त चालतो. वरकरणी हे पटण्यासारखे आहे. पण तुमच्या घराला लावून पाहिले तर ते टिकत नाही, कारण साधन तुमच्याकडे आहे आणि शब्द त्यांचा चालतो. या अभ्यासाच्या मांडणीत दोन मोठ्या उणिवा होत्या. एक म्हणजे घर घेणे आणि आठवड्याचा बाजार करणे या निर्णयांना त्यात सारखेच वजन दिले होते. दुसरी अशी की कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे मुळात कोणी ठरवले, हा प्रश्न त्यात विचारलाच नव्हता.

या दुसऱ्या उणिवेवर कॉन्स्टंटिना सॅफिलिओस-रॉथशिल्ड यांनी १९७०च्या दशकात बोट ठेवले. त्यांनी सूत्रे हलवण्याची सत्ता आणि अंमलबजावणीची सत्ता असा भेद केला. सूत्रे हलवणारी व्यक्ती मोजके आणि दूरगामी निर्णय स्वतःकडे ठेवते आणि जे रोजचे, वेळखाऊ, पुन्हा पुन्हा घ्यावे लागणारे निर्णय आहेत ते दुसऱ्यावर सोपवते. शिवाय सोपवलेले अधिकार परत घेण्याची मुभाही तिच्याकडेच राहते. तुमच्या मैत्रिणी ज्याला “तुझंच चालतं” म्हणतात ते बहुधा वाणसामान, पडद्यांचा रंग, पाहुण्यांचा आहेर आणि मुलाचा डबा एवढ्यापुरते असावे. ते निर्णय खरे आहेत, त्यांना अक्कल आणि वेळ लागतो, पण त्यांच्या जोरावर दीड लाख रुपये कुठे जाणार हे ठरत नाही.

आता एसटीतल्या त्या वाक्यांकडे येते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा मला तिथे दिसतो. आफ्के कोम्टर या डच अभ्यासिकेने १९८९ साली जोडप्यांमधील सत्तेचे तीन थर मांडले. उघड सत्ता भांडणात दिसते. सुप्त सत्ता असते तिथे भांडण होतच नाही, कारण समोरच्याला काय आवडणार नाही याचा अंदाज घेऊन एकजण आधीच आपले म्हणणे मऊ करतो, पुढे ढकलतो किंवा गिळून टाकतो. तिसरी अदृश्य सत्ता. तिच्यात दोघांनाही चालू व्यवस्था इतकी स्वाभाविक वाटते की प्रश्नच मनात येत नाही. तुमचे यजमान कधी आवाज चढवत नाहीत, हे तुम्ही त्यांच्या बाजूने नोंदवले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु जिथे एक माणूस तीन दिवस मनात वाक्ये घोळवतो, तिथे दुसऱ्याला आवाज चढवण्याची गरजच पडत नाही. आणि एटीएम कार्डाची “मला कधी अडचण वाटली नाही” हे वाक्य मी तिसऱ्या थरात धरते. ब्रिटनमधील जॅन पाल यांनी १९८०च्या दशकात जोडप्यांच्या पैशांचा अभ्यास करताना पैसा हाताळणे आणि पैशावर ताबा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दाखवले. जिथे पैसा जेमतेम असतो तिथे तो महिनाअखेरीपर्यंत पुरवण्याचे काम बहुधा बाईकडे येते, आणि ती सत्ता नसून ओझे असते. तुमच्याकडे तर हाताळणीही नाही आणि ताबाही नाही, फक्त पगाराची पावती आहे.

एवढ्यानेही एक गोष्ट उलगडत नाही : ट्रॅक्टर घरचा खर्च आणि मोतीबिंदू तुमचा खासगी खर्च, हे कुठे ठरले? अमर्त्य सेन यांनी १९९० साली कुटुंबातील वाटाघाटींविषयी लिहिताना म्हटले आहे की कोण किती कमावतो यापेक्षा कोणाचे योगदान किती मानले जाते, आणि स्वतःचे हित ती व्यक्ती कुटुंबाच्या हितापासून वेगळे काढून पाहू शकते का, यावर तिचे बळ ठरते. आपल्याकडे बाईच्या पगाराला आजही ‘हातभार’ म्हणतात. आपल्याच भाषेत दिराचे काम ते घरचे काम आणि आईचे दुखणे ते माहेरचे दुखणे, आणि माहेर म्हणजे परके घर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांचा निर्णयातील सहभाग मोजण्यासाठी तीन प्रश्न असतात : स्वतःचे औषधोपचार, घरातील मोठी खरेदी, आणि स्वतःच्या माहेरच्यांकडे किंवा नातेवाइकांकडे जाणे. तिसरा प्रश्न तिथे आहे, कारण या देशात सत्तेची एक सीमारेषा माहेरच्या वाटेवर आखलेली आहे.

कायद्याने मात्र ही रेषा केव्हाच ओलांडली आहे. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लग्न झालेल्या मुलीवरही, तिचे स्वतःचे उत्पन्न असल्यास, निर्वाहास असमर्थ असलेल्या आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. म्हणजे आईच्या डोळ्यांचा खर्च हे तुमचे कर्तव्य आहे, आणि कर्तव्यासाठी परवानगी मागायची नसते.

तुमचे यजमान वाईट आहेत असे मी म्हणत नाही. तुमच्या पत्रावरून ते मला सज्जन वाटतात. “विचारायचं काय त्यात” हे त्यांनी मनापासून म्हटले असेल. म्हणून त्यांच्याच वाक्याला धरून बोला. कार्ड मागून घ्या, त्यासाठी कारण देऊ नका. आणि एक आकडा ठरवा, समजा दहा हजार. त्यावरचा खर्च सासरच्या माणसासाठी असो की माहेरच्या, दोघांनीही एकमेकांना आधी विचारायचा. त्याखालचा दोघांनीही नुसता सांगायचा. त्यांना हे लागेल, कदाचित “माझ्यावर विश्वास नाही का” असेही ते म्हणतील. तेव्हा माघार घेऊ नका. भावजींना दीड लाख देताना तुमच्या विश्वासाचा प्रश्न कोणी काढला नव्हता, हे शांतपणे सांगता येईल.

प्रश्न २ : आम्ही गोव्यात राहतो. येथील कायद्याने लग्नानंतर पत्नी निम्म्या मालमत्तेची मालकीण असते. मग गोव्यातील जोडप्यांमध्ये सत्ता समान आहे असे म्हणता येईल का?

उत्तर : १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही व्यवस्था मला मोलाची वाटते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि स्थावर मालमत्ता विकताना पती-पत्नी दोघांची संमती लागते. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव चढवण्यासाठी महाराष्ट्रात शेतकरी संघटनेला ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढावी लागली, हे लक्षात घेतले तर या तरतुदीचे महत्त्व कळते. तथापि सही घेणे आणि मत घेणे यांत अंतर आहे. दस्त तयार झाल्यावर “इथे सही कर” म्हणून कागद पुढे येतो, की गिऱ्हाईक पाहण्याआधी दोघे बसून बोलतात, यावरून आपल्या घरापुरते उत्तर तुम्हालाच मिळेल. हक्क कागदावर असला की निदान नाही म्हणता येते, आणि ही ताकद थोडी नाही.

प्रश्न ३ : मी २७ वर्षांचा असून पुण्यात नोकरी करतो. पुढच्या महिन्यात माझे लग्न आहे. मी होणाऱ्या पत्नीला म्हणालो, “मी तुला घरकामात मदत करीन,” तर ती नाराज झाली. माझे काय चुकले?

उत्तर : ‘मदत’ हा शब्द चुकला. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. म्हणजे काम तिचे, हे तुम्ही लग्नाआधीच ठरवून टाकले. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के होते आणि पुरुषांचे २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. या मिनिटांत न मावणारे आणखी एक काम असते, ते लक्षात ठेवण्याचे. परवा उसळ हवी असेल तर मटकी आज रात्री भिजली पाहिजे, उद्या सकाळी ती उपसून फडक्यात बांधली पाहिजे, आणि मटकी डब्यात आहे का हे आज संध्याकाळी, दुकान बंद होण्याआधी आठवले पाहिजे. “काय करू ते सांग” असे म्हणणारा नवरा हात पुरवतो, डोके मात्र तिचेच अडकलेले राहते.

तुम्ही मनापासून विचारले आहे म्हणून नेमके सांगते. लग्नानंतर दोघांच्या डब्याचे खाते पूर्ण तुमच्याकडे घ्या. उद्या काय, हे आदल्या रात्री तुम्हीच ठरवायचे, भाजी तुम्ही आणायची, निवडायची, करायची आणि संध्याकाळी डबे घासून पालथे घालायचेही तुम्हीच. पहिल्या आठवड्यात भाजी खारट होईल, एखाद्या दिवशी पोळ्या बाहेरून आणाव्या लागतील. तरीही तिला विचारायला जाऊ नका, आणि पाहुण्यांसमोर त्याचे कौतुक होण्याची वाटही पाहू नका.