कर्ज फेडायचं, पण कुणाला?

प्रश्न : अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला युद्धाचं कर्ज पूर्ण फेडू, मग खासदार मॅडिसनने विरोध का केला? कर्ज फेडणं चांगलंच ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कर्ज बुडवा असं मॅडिसनही म्हणत नव्हता हो, भांडण होतं ते पैसे कुणाच्या हातात पडणार याचं. सैनिकांचा पगार थकला होता, काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, रोकड नव्हती, म्हणून त्यांच्या हातात पैसे नंतर देऊ अशी सर्टिफिकेटं टेकवली. आता घरी पोरंबाळं, डोक्यावर कर, माणूस वाट बघणार तरी किती? डॉलरमागे १५-२० सेंट मिळाले तरी कित्येकांनी ती विकून टाकली.

जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनचा रिपोर्ट आला, कागद आज ज्याच्याकडे आहे त्यालाच पूर्ण दर्शनी किमतीचे, म्हणजे कागदावर लिहिलेल्या रकमेचे, नवे रोखे मिळणार. झालं, सट्टेवाल्यांची पळापळ सुरू. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने सभागृहातच सांगितलं की पंधरा दिवसांत न्यूयॉर्क बंदरातून तीन जहाजं याच धंद्यासाठी निघालीत, म्हणजे दक्षिणेत बातमी पोचायच्या आत तिथल्या लोकांचे कागद स्वस्तात उचलायचे.

मॅडिसन म्हणाला, विकत घेणाऱ्याला बाजारातला सगळ्यात चढा भाव द्या आणि उरलेले मूळ सैनिकाला. हॅमिल्टनचं म्हणणं, विकलेला कागद घेणाऱ्याचाच, नाहीतर उद्या सरकारी कागदाला कोण हात लावणार? २२ फेब्रुवारीला मॅडिसन १३ विरुद्ध ३६ मतांनी हरला. हॅमिल्टनचा मुद्दा मला पटतो, पण सैनिकांनी कागद विकले ते सरकारनेच पैसे थकवले म्हणून, आणि त्याची भरपाई कुणीच केली नाही हे मला आजही टोचतं.

राज्यांची अंदाजे अडीच कोटी डॉलरची कर्जं केंद्राने घ्यायची यावरही वाजलं, कारण व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलेलं आणि मॅसॅच्युसेट्सचं डोंगराएवढं बाकी. एप्रिलमध्ये ते २९ विरुद्ध ३१ ने पडलं. मग जूनमध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरी जेवणावर तडजोड झाली, राजधानी दक्षिणेच्या मनासारखी पोटोमॅक नदीवर आणि बदल्यात कर्ज केंद्राकडे.

व्याजाला पैसा हवा म्हणून १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर आला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी धान्याची दारू गाळूनच डोंगरापलीकडे विकायचे, ते भडकले. जुलै १७९४ मध्ये कर अधिकारी नेव्हिलच्या घरावर चाल करून गेलेल्यांचा म्होरक्या जेम्स मॅकफार्लेन तिथेच गोळी लागून मेला, आणि तो स्वातंत्र्ययुद्धात लढलेला सैनिकच होता.