धुराची व्हिस्की: उघडावी की जपून ठेवावी?

प्रश्न: माझ्या भाच्याने स्कॉटलंडहून येताना आयला बेटावरील एका डिस्टिलरीची, मर्यादित संख्येत काढलेली सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली) व्हिस्की माझ्यासाठी आणली आहे. त्याने तिथे तिचा घोट घेतला तेव्हा तिला धुराबरोबर दवाखान्यासारखा वास येत होता, असे तो सांगतो. हा दोष समजावा काय? बाटली न उघडता काही वर्षे ठेवल्यास चव आणि किंमत वाढेल काय? आमचे घर वरच्या मजल्यावर असून उन्हाळ्यात फार तापते.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: तो वास दोष नाही, आयलाच्या बहुतेक व्हिस्कींची तीच ओळख आहे. दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, कापून वाळवतात आणि मोड आणलेली बार्ली सुकवताना त्याचा धूर तिला देतात. त्या धुरातील फेनॉल वर्गातील द्रव्ये दाण्याला चिकटतात आणि ऊर्ध्वपातनानंतरही काही अंशी मद्यात उतरतात. आपल्याकडे हुरड्याच्या आगटीजवळ बसल्यावर कपड्यांना जसा धूर धरतो, तसाच हा धूर दाण्याला धरतो. फरक इतकाच, की पीटच्या धुरात आयोडीनची आणि मलमपट्टीची आठवण करून देणारी छटाही असते. लाफ्रॉइग आणि आर्डबेग या दोन्ही डिस्टिलरी १८१५ सालच्या, तर लागावूलिन १८१६ सालची. तिन्ही एकाच किनाऱ्यावर जवळजवळ असूनही तिघींचा धूर वेगवेगळा लागतो.

आता ठेवण्याविषयी. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे राहिल्याशिवाय तिला स्कॉच म्हणताच येत नाही; मात्र एकदा काचेत भरली की दहा वर्षांची व्हिस्की वीस वर्षांनीही दहा वर्षांचीच राहते. त्यामुळे ठेवून चव वाढण्याची आशा बाळगू नये. उलट सोलापूरच्या उन्हाळ्यात ती बिघडण्याचीच धास्ती अधिक, कारण पारा चाळीसच्या पुढे गेला की द्रव आणि वरची हवा प्रसरण पावून बुचावर दाब येतो, रात्री तो उतरतो, आणि असे रोज घडत राहिल्यास बूच सैल होऊन मद्य हळूहळू उडून जाते. माळा, गच्चीखालची खोली आणि पश्चिमेच्या भिंतीचे कपाट टाळावे. घरातील सर्वांत आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, मूळ खोक्यासह आणि उभीच ठेवावी. वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बुचाला कुरतडते.

किमतीचे म्हणाल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य विकणे गुन्हा आहे. म्हणजे ही बाटली आपल्यासाठी गुंतवणूक नव्हे, आणि मला तर ती गुंतवणूक म्हणून पाहणे मुळीच रुचत नाही. एकच बाटली असेल तर ती उघडावी. संग्रह करायचाच असेल तर दोन घ्याव्यात, एक चाखण्यासाठी आणि एक ठेवण्यासाठी. जिची चव माहीतच नाही अशा बाटल्यांच्या रांगेला मी संग्रह म्हणणार नाही. मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा परवाना काढून ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

चाखण्यासाठी हिवाळ्यातील संध्याकाळ निवडावी. मे महिन्यात पेल्यातून अल्कोहोलची वाफच आधी नाकात जाते आणि धुराचे बारकावे हरवतात. तोंडाशी निमुळता होणारा पेला घ्यावा, साधारण ३० मिलिलिटर ओतावी, थोडा वेळ तशीच राहू द्यावी आणि पेला नाकाशी आणताना ओठ किंचित उघडे ठेवावेत. पहिला घोट पाण्याविना, अगदी लहान घ्यावा. नंतर चमच्याने चार-सहा थेंब साधे पाणी घालून पुन्हा हुंगावे. धुराच्या वासाला कारण असलेले ग्वायाकॉल हे द्रव्य पाणी मिसळल्यावर द्रवाच्या पृष्ठभागाकडे येते, असे स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपातून दाखवले आहे. पिंपातून थेट, पाणी न घालता भरलेल्या तीव्र व्हिस्कीत हा फरक विशेष जाणवतो. बर्फ घालू नये. थंडाव्याने वास दबतो. शेंगाचटणीही त्या वेळी दूर ठेवावी, कारण लसूण आणि तिखट जिभेवर बसले की धुराखालचा गोडवा कळतच नाही.

उघडल्यानंतर मात्र रेंगाळू नये. बाटली अर्ध्याखाली गेली की आतल्या हवेने धूर हळूहळू मावळतो. उरलेली व्हिस्की लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी.

प्रश्न: पीट असलेली व्हिस्की निवडताना पीपीएमचा (दहा लाख भागांत फेनॉलचे किती भाग, याचा) आकडा जितका मोठा, तितकी ती अधिक धुरकट, असे समजावे काय?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर: नाही. हा आकडा सामान्यतः सुकवलेल्या बार्लीतील फेनॉलचा असतो, बाटलीतील मद्याचा नव्हे. ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर मालिकेत ८.३ या आवृत्तीचा आकडा ३०९ पर्यंत गेला होता, पण ऊर्ध्वपातनात यातील बराच भाग मागे राहतो आणि पुढे पिंपात मुरतानाही धूर सौम्य होत जातो. सुरुवात करायची असेल तर बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीची पीटेड सिंगल मॉल्ट घ्यावी. तिच्यासाठी पीटचा धूर दिलेली बार्ली स्कॉटलंडहूनच येते.